विजेची गाडी आणि गाव : घोडं पेंड खातं कुठे?

विजेवरच्या गाडीचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, शहरात ठीक आहे हो, पण गावाकडे ही गाडी म्हणजे पांढरा हत्ती; चार्जिंग कुठे करणार, आडवाटेला बंद पडली तर काय करणार? दुसरा मोबाइल पुढे करतो : ही बघा नवी गाडी, एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटर, अर्ध्या तासात ऐंशी टक्के. मग रेंजवर रेंज, आकड्यावर आकडा, आणि तासाभराने दोघेही जिथल्या तिथे. गंमत अशी की दोघांचं गृहीतक एकच आहे. गाडी म्हणजे पंपावर नेऊन भरायची वस्तू, तेव्हा जिथे पंपासारखं चार्जिंग स्टेशन नाही तिथे ती निरुपयोगी. पहिला म्हणतो स्टेशनं नाहीत, दुसरा म्हणतो येतील. गावातल्या माणसाची गाडी दिवसभर कुठे फिरते, रात्री कुठे उभी राहते, बिघडली की कुणाच्या हातात जाते, हे कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चार्जिंगच्या बाबतीत गाव शहराच्या मागे नाही, पुष्कळदा पुढेच आहे. विजेची गाडी गावात अडते ती दुरुस्तीपाशी, आणि तिथे ती खरोखरच अडते. विरोधक ज्या मुद्द्यावर तावातावाने भांडतात तो त्यांचा सर्वांत लंगडा मुद्दा आहे, आणि जो मुद्दा त्यांनी लावून धरला असता तर समर्थकांची बोलती बंद झाली असती, तो ते मांडतच नाहीत.

चार्जिंगचंच आधी घेऊ. विजेची गाडी बाळगायला लागतं काय? रात्री ती उभी करायला स्वतःची जागा आणि तिथवर पोचणारी वायर. दाट वस्तीच्या शहरात नेमकी हीच चीज दुर्मीळ. राहणार सातव्या मजल्यावर, गाडी तळघरात किंवा रस्त्याकडेला, मीटर तिसरीकडेच. मधल्या केबलसाठी सगळ्या इमारतीची परवानगी काढायची, आणि ती मिळालीच तर लोड वाढवून मागायचा. म्हणून शहरातला माणूस सार्वजनिक चार्जरच्या वाटेला जातो, आणि बंद पडलेलं यंत्र, कुणीतरी अडवलेली जागा, न उघडणारं ॲप हे सगळं भोगतो. गावातलं घर बहुधा जमिनीवर असतं, दारापुढे जागा असते आणि मीटर भिंतीवर असतो. मीटरपासून गाडी दहा पावलांवर. चार्जिंग स्टेशन नाही म्हणून हळहळणारा माणूस ज्या घरासमोर उभा असतो, त्या घराच्या भिंतीतच स्टेशन असतं.

अंतरं फार, हा पुढचा आक्षेप. अंतरं फार असतात, कबूल. पण ती ठरलेली असतात. बाजाराचं गाव, शाळा, दवाखाना, कामाची जागा : वाट तीच, किलोमीटर तेवढेच. आता साधा हिशेब करून बघा. घरातल्या २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून १० अँपिअर घेतले तर २.३ किलोवॉट होतात. आठ तासांत झाली सुमारे १८ युनिट. वाटेतली गळती वजा जाता बॅटरीत सोळाच्या आसपास पडतात. छोटी विजेची कार शंभर किलोमीटरला चौदा-पंधरा युनिट खाते. म्हणजे कसलाही खास चार्जर न बसवता, झोपेच्या वेळात, शंभर किलोमीटरची सोय. स्कूटरची तर बॅटरीच दोन ते चार युनिटची. ती फोनसारखी लावायची आणि विसरायची. रोज शंभराच्या वर किलोमीटर जाणारी माणसं गावात असतात, पण ती किती? आणि ज्यांना महिन्यातून एखाद्या वेळी तीनशे किलोमीटर जायचं असतं त्यांच्यासाठी उरलेल्या दिवसांचा निर्णय का अडून राहावा? वर्षातून एकदा ट्रकभर सामान हलवावं लागतं म्हणून कुणी ट्रक विकत घेत नाही.

इथे इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण ‘विजेची गाडी गावासाठी नाहीच’ हे वाक्य एके काळी शंभर टक्के खरं होतं. १९०० च्या सुमारास अमेरिकेत बनलेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या; पेट्रोलच्या त्याहून कमी. गाडी शांत, धूर नाही, दांडा फिरवून सुरू करायची कटकट नाही. पण ती शहराच्या वेशीबाहेर पडली नाही, कारण वेशीबाहेर वीजच नव्हती. पेट्रोलला वायर लागत नाही, डबा पुरतो. म्हणून झालं काय, तर १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या सुमारे तीस टक्के शेतघरांकडे मोटार होती, आणि विजेचे किंवा गॅसचे दिवे त्याच्या एक चतुर्थांश घरांतही नव्हते. घरात दिवा नाही पण दारात मोटार! रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं तेव्हाही दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. पेट्रोलची गाडी गावात जिंकली ती या क्रमामुळे : पेट्रोल आधी पोचलं, तार मागून आली.

आज हा क्रम उलटला आहे, आणि आपल्या वादाला त्याचा पत्ता नाही. जगात विजेविना जगणारी माणसं २०२२ मध्ये साधारण ६८ कोटी होती, त्यांतली बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. हा आकडा लहान नव्हे, आणि तिथल्या अंधारातल्या वस्तीला विजेची गाडी सुचवणं ही थट्टाच होईल. पण बाकीच्या जगात खेड्यांपर्यंत तार गेली आहे, आणि पेट्रोल पंप मात्र कित्येक ठिकाणी माघारी निघाला आहे. जपानचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. १९९४ च्या सुमारास तिथे साठ हजार पंप होते, आता अठ्ठावीस हजारांच्या खाली आले आहेत. तरुण शहरात गेले, विक्री घटली, जमिनीखालच्या जुन्या टाक्या बदलण्याचे नियम कडक झाले आणि छोट्या पंपवाल्याने शटर ओढलं. तीन किंवा त्याहून कमी पंप उरलेल्या गावपालिकांची तिथल्या सरकारला वेगळी नोंद ठेवावी लागते. म्हातारी माणसं पेट्रोल भरायला पेट्रोल जाळत जातात. तिथे २०२२ मध्ये निसानने ‘साकुरा’ नावाची एवढीशी गाडी आणली. बॅटरी अवघी २० युनिटची, रेंज कागदावर १८० किलोमीटर. पाचशे किलोमीटरवाल्यांनी हसावं अशी. देशात सर्वांत जास्त खपलेली विजेची गाडी तीच ठरली. रेंज वाढवत नेणं हाच एक मार्ग नसतो, हे त्या गाडीच्या ग्राहकांना कळलं. वाद घालणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

तार गेली आहे म्हणजे वीज आहे, असं मात्र समजायचं कारण नाही. विरोधकांच्या बाजूने इथे मी स्वतःच बोलतो, कारण त्यांचा हा मुद्दा ते ‘लाइट जाते हो’ एवढ्यावर सोडून देतात. लाइट जाणं हा सर्वांत सोपा अडथळा आहे. चार तास गेली तर उरलेल्या चार तासांत पन्नास किलोमीटर भरतात. खरा त्रास विजेच्या दर्जाचा. लांबलचक लाइनच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर येतं, आणि तीच केबल २.३ ऐवजी १.८ किलोवॉट ओढते. आणखी खाली गेलं तर चार्जर सरळ हात वर करतो. त्याहून वाईट भानगड अर्थिंगची. गाडीसोबत येणाऱ्या केबलवर एक छोटी पेटी असते. सॉकेटला लावलं की ती वीज गाडीत सोडण्याआधी अर्थिंग तपासते, आणि नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसते. ज्या घरात वीस वर्षं पंखा, टीव्ही, मोटर सगळं बिनतक्रार चाललं, तिथे ही पेटी म्हणते की तुमच्याकडे अर्थिंगच नाही. आणि बहुतेक वेळा ती खरं बोलत असते. कधीकाळी पुरलेला पाइप गंजून गेलेला असतो, किंवा मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलेला असतो. कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट जात नाही. मग कुणीतरी शहाणा उपाय सुचवतो : सॉकेटमधल्या अर्थच्या टोकाला न्यूट्रलची वायर जोडून टाक. लाल दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पुढे एखाद्या वाऱ्यावादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की त्याच जोडणीतून गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. पावसात अनवाणी उभ्या माणसाने दाराला हात लावला तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हा धोका मी विजेच्या गाडीच्या विरोधात धरत नाही. आधीपासून घरात लपलेला दोष गाडीने उघड्यावर आणला, एवढंच. पाइप, चांगली माती, जाड तार आणि काम जाणणारा वायरमन एवढ्यात तो मिटतो. पण मिटवायला हवा हे गाडी विकताना कुणी सांगत नाही. शोरूममध्ये गाणं वाजवणाऱ्या पडद्यावर अर्धा तास जातो, अर्थिंगवर अर्धं मिनिटही नाही.

ट्रान्सफॉर्मरचीही गोष्ट तशीच. छोट्या वस्तीचा ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा २५ केव्हीएचा, म्हणजे फार तर २५ किलोवॉट पेलणारा असतो. ५० किलोवॉटचा एकच फास्ट चार्जर त्याच्या क्षमतेच्या दुप्पट मागतो, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर फास्ट चार्जर ही घोषणा गावापुरती तरी पोकळ आहे. उलट रात्री सावकाश, पाळीपाळीने भरणाऱ्या गाड्या तोच ट्रान्सफॉर्मर निभावून नेतो.

आता सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप. मध्यरात्री घरात कुणाला तरी छातीत दुखू लागलं, गाडीत दहा टक्के चार्ज, आणि वीज गेलेली. अशा वेळी पेट्रोलवाल्याकडे माळ्यावर पाच लिटरचा डबा असतो. वीज डब्यात भरून ठेवता येत नाही. याला चोख उत्तर नाही. घरी आल्याबरोबर वायर लावायची सवय लागली की दहा टक्क्यांची वेळ सहसा येत नाही, हे उत्तर आहे, पण ‘सहसा’ या शब्दावर माणूस आपल्या आईला ठेवत नाही. मात्र या आक्षेपात पेट्रोल नेहमी मिळतं असं जे गृहीत धरलेलं असतं, ते तपासून पाहायला हवं. पंपालाही वीज लागते. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत टाक्यांत पेट्रोल असूनही ते वर ओढायला वीज नव्हती; सम-विषम नंबरांवर पेट्रोल वाटायची पाळी आली. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ईशान्य जपानात बऱ्याचशा भागांत आठवडाभरात वीज परतली, पेट्रोलचे वांधे मात्र त्यापुढेही चालले. निसानने तेव्हा तिथे मदतकार्यासाठी विजेच्या गाड्या दिल्या, आणि पुढच्याच वर्षी गाडीच्या बॅटरीवर घर चालवायची यंत्रणा बाजारात आणली. चाळीस युनिटची बॅटरी भरलेली असेल तर दिवे, पंखे आणि फ्रिज दोन-तीन दिवस सहज चालतात. वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा उपयोग शहरापेक्षा किती तरी मोठा आहे. तरीही, घरात एकच गाडी असेल आणि दवाखाना साठ किलोमीटरवर असेल, तर रात्रीच्या त्या प्रसंगाची धास्ती खरी आहे, आणि तिला भित्रेपणा म्हणणारा माणूस दवाखान्याजवळ राहत असणार.

ओझ्याचं दुखणंही खरं. मागे ट्रॉली जोडून भार ओढला की रेंज निम्म्यावर येते. कडाक्याच्या थंडीत वीस-तीस टक्के घटते. खडकाळ वाटेवर गाडीच्या पोटाखालच्या बॅटरीला दगड लागला तर खर्च कुठवर जाईल याचा नेम नाही. उतरणीचा मात्र उलट फायदा होतो, ब्रेक दाबताना बॅटरी भरत जाते. स्वित्झर्लंडमध्ये चुनखडीच्या खाणीवर एक विजेचा डंपर आहे. रिकामा वर चढतो, भरून खाली येतो, आणि उतरताना इतकी वीज परत मिळवतो की त्याला बाहेरून चार्ज करायची गरज फारशी पडत नाही. डोंगरावरचा माल खाली आणणाऱ्या गावांनी याचा विचार करावा. पण सपाटीवरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

नॉर्वेचा दाखला मी मुद्दाम मागे ठेवला. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. थंडी आहे, डोंगर आहेत, वस्ती विरळ आहे. समर्थकांचा हा हुकमी पत्ता. पण नॉर्वेकडे तेलाचा पैसा आहे, जलविद्युत आहे आणि त्यांनी वर्षानुवर्षं करसवलती दिल्या. विजेची गाडी विरळ वस्तीत चालू शकते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ज्याला सवलत नाही आणि ज्याच्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर नाही, त्याला परवडेल का, याबद्दल नॉर्वे काही सांगत नाही.

म्हणून आता दुरुस्तीकडे येतो. पेट्रोलची मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था हिने १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत ती मोटार नेली, ही गोष्ट विजेच्या गाडीचे समर्थक वारंवार सांगतात. तेव्हा पंप कुठे होते, तिने विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, तेव्हा सोयी मागाहून येतात, हे तात्पर्य. पण त्या प्रवासाचा उरलेला भाग कुणी सांगत नाही. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. साखळीसाठी लोहार गाठला. ब्रेक झिजले तेव्हा एका गावातल्या मोच्याकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. औषधवाला नसता तर ती पुढच्या गावात गेली असती; लोहार आणि मोची यांना ते यंत्र समजलं नसतं तर मोटार तिथेच राहिली असती. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि खेड्यात रुजली, तीही याच गुणावर. ती उंच होती, चिखलातून निघायची, आणि शेतकरी स्वतः ती खोलून जोडू शकत होता. मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावून लोक तिच्यावर करवत चालवत. गावाने ती मोटार नुसती विकत घेतली नाही, आपलीशी केली.

आणि याचा आजचा पुरावा हवा असेल तर महागड्या गाड्यांकडे पाहूच नका. बांगलादेशातल्या ‘ईझी बाइक’ म्हणजे विजेच्या तीनचाकी, उत्तर भारतातल्या ई-रिक्षा आणि चीनमध्ये शांडोंगच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या कमी वेगाच्या चारचाकी, या कुठल्या सरकारी धोरणाने आल्या? धोरण तर त्यांच्या मुळावर उठलं होतं. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ई-रिक्षांवर बंदी घातली, आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीने त्यांना रीतसर जागा मिळाली. अर्धीकच्ची वीज, खराब रस्ते, फास्ट चार्जर शून्य. तरीही या गाड्या लाखोंनी पसरल्या. कारण त्यांच्यात लेड-ॲसिड बॅटरी होती, म्हणजे कुठल्याही बॅटरीवाल्याला ठाऊक असलेली वस्तू. साधी मोटर, साधा कंट्रोलर. गाडी सकाळी बंद पडली तर दुपारपर्यंत रस्त्यावर. ज्या मिस्त्रीने आयुष्यात लॅपटॉप उघडला नाही तो ती दुरुस्त करत होता. याची किंमतही मोजावी लागली, हे लपवून चालणार नाही. त्या गाड्या अपघातात कागदासारख्या चुरगळतात, बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात संपतात, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवण्यातून शिसं मुलांच्या रक्तात जातं. जगातल्या तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते घातक प्रमाणात असल्याचं युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी ‘प्युअर अर्थ’ ही संस्था यांच्या २०२० च्या अहवालाने सांगितलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण हेच दिलं. त्यामुळे परत लेड-ॲसिडकडे चला असं मी म्हणत नाही. लिथियमची, त्यातही लोह-फॉस्फेटची बॅटरी सर्व दृष्टींनी सरस आहे. पण त्या रिक्षांनी एक गोष्ट दाखवून दिली : गावाने नाकारली ती परक्याच्या कुलपात असलेली गाडी, वीज कधीच नाही.

नव्या गाडीचं कुलूप कसं असतं? बॅटरी सीलबंद, आतले सेल गोंदाने चिकटवलेले, एक खराब झाला तर अख्खा पॅक बदला. बिघाड कळायला कंपनीचं सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरला कंपनीचा पासवर्ड, आणि पासवर्ड दीडशे किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. समर्थक म्हणतात, यात बिघडण्यासारखं असतंच किती? ना ऑइल, ना क्लच, ना सायलेन्सर. हे खरं आहे आणि अपुरं आहे. विजेच्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, तीवर दारं, दिवे आणि कॉम्प्युटर चालतात. जर्मनीतल्या ‘आडाक’ या मोटारचालकांच्या संघटनेच्या नोंदींत वाटेत बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण हीच बॅटरी निघते, पेट्रोलच्या गाडीत आणि विजेच्याही. खाली चाळीस युनिट शिल्लक असताना वरची ही डबी मेली की गाडी जागची हलत नाही. हे दुखणं कुठल्याही गावातला ऑटो-इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत काढेल. त्याने गाडीला हात लावला तर वॉरंटी जाईल का, या भीतीने मालक त्याला बोलावत नाही, आणि चारशे व्होल्टच्या भीतीने तोही येत नाही. दुसरी भीती रास्त आहे. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलींना हात लावण्याआधी काय करायचं हे कुणी त्याला शिकवलेलंच नाही.

शेतकऱ्यांनी ही लढाई आधी ट्रॅक्टरवर लढलेली आहे. सॉफ्टवेअरने जखडलेला ट्रॅक्टर ऐन सुगीत उभा राहतो आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही, या संतापातून अमेरिकेत दुरुस्तीच्या हक्काची चळवळ पेटली. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीयंत्रांच्या कंपन्यांना सुटे भाग, अवजारं आणि माहिती शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला द्यायला भाग पाडलं; तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत तर आणखी पुढची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२७ पासून स्कूटर-सायकलसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या, आतल्या सुट्या सेलसकट, स्वतंत्र कारागिराला काढता-बदलता आल्या पाहिजेत. कारच्या बॅटरीला मात्र हा नियम नाही. का नाही, हा प्रश्न गावाने विचारायचा आहे. शहराला तो सुचणार नाही, कारण शहरात सर्व्हिस सेंटर पाच किलोमीटरवर असतं.

या कुलपाचा सर्वांत मोठा फटका जुन्या गाडीच्या बाजारात बसतो. गावात गाडी येते ती पुष्कळदा शहरात सहा-सात वर्षं वापरून झालेली. पेट्रोलच्या जुन्या गाडीचं इंजिन ऐकून, धूर बघून, जाणता माणूस तिचं वय सांगतो. बॅटरीचं काय ऐकणार? आठ वर्षांची वॉरंटी संपत आलेली असते, पडद्यावर दिसणारा आकडा कंपनीने दाखवलेला असतो, आणि घेणारा अंधारात उडी मारतो. निसान लीफच्या पहिल्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला द्रवाची यंत्रणा नव्हती. ॲरिझोनाच्या उन्हात त्या लवकर उतरल्या आणि २०१२ मध्ये त्यावर बराच गहजब झाला. पण त्याच गाडीसाठी ‘लीफ स्पाय’ नावाचं एक स्वस्त ॲप निघालं. गाडीची माहिती फोनवर पाठवणारा एक छोटा डोंगल लावायचा, आणि बॅटरीतल्या ९६ सेल-जोड्यांचं व्होल्टेज एकेक करून समोर. कुठली जोडी मार खाते हे विकणाऱ्यालाही दिसतं, घेणाऱ्यालाही. जपानमधून न्यूझीलंडला आणि श्रीलंकेला गेलेल्या वापरलेल्या लीफ अशा तपासून घेता आल्या. मामुली वाटणाऱ्या या उघडेपणामुळे जुनी विजेची गाडी जुगार न राहता व्यवहार होते. हीच सोय प्रत्येक गाडीत सक्तीने का असू नये? कंपन्या सुरक्षेचं कारण पुढे करतात. सेलचं व्होल्टेज नुसतं वाचल्याने कुणाची सुरक्षा धोक्यात येते, हे त्यांनी एकदा समजावून सांगावं.

सरकारी पैशाकडे या नजरेने पाहिलं तर सगळा क्रमच उलटा लागलेला दिसतो. हमरस्त्यावरच्या फास्ट चार्जरचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. तो चार्जर वाटसरूच्या कामाचा; हमरस्त्यापासून वीस किलोमीटर आत राहणाऱ्याला तो वर्षातून दोनदा लागेल. त्याला हवं असतं घराचं अर्थिंग तपासून दुरुस्त करून देणारं कुणीतरी, आणि जवळच्या बाजारगावात उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करायला शिकलेला एक तरी मिस्त्री, ज्याच्याकडे रबरी हातमोजे आहेत, मीटर आहे आणि कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअरही आहे. अशा प्रशिक्षणाची फीत कापता येत नाही, म्हणून ते होत नाही. गाडीवर सवलत द्यायची असेल तर अट घालून द्यावी : दुरुस्तीची माहिती खुली, बॅटरीची तब्येत वाचता येणारी, आणि सुटे भाग दहा वर्षं मिळण्याची हमी. ज्या कंपनीला हे जमत नाही तिने आपली गाडी बिनसवलतीची विकावी.

तोवर कुणी काय घ्यावं? स्कूटरचा निर्णय सोपा आहे. बॅटरी काढून घरात नेता येते किंवा दारात लावता येते, धोका कमी, बचत रोजची. घरात दोन गाड्या असतील तर त्यांतली रोजची विजेवर न्यायला हरकत कसलीच नाही. अर्थिंग मात्र गाडी येण्याआधी करून घ्या. जुनी विजेची कार घेणाऱ्याने बॅटरीचा अहवाल हातात पडल्याशिवाय इसार देऊ नये. आणि ज्याच्याकडे एकच गाडी आहे, जो रोज दोनशे किलोमीटर माल ओढतो आणि ज्याच्या शंभर किलोमीटरच्या आत ती उघडून बघणारा एकही माणूस नाही, त्याने आज डिझेल घ्यावं. त्याला मागासलेला म्हणणाऱ्याने आधी त्याच्या गाडीला मिस्त्री शोधून द्यावा.